लखूला मी का घेतलं नाही

दसरा झाला की परतूरच्या रस्त्यावर कापूस यायला लागतो. मला ते डोळ्यांआधी नाकाला कळतं. सरकीचा एक तेलकट, किंचित आंबूस वास असतो. ऊन चढलं की तो रस्त्यावर पसरून राहतो. बैलगाड्या कमी झाल्या, ट्रॅक्टर आले, मालमोटारी आल्या, वास मात्र तोच आहे. बाभळींच्या काट्यांना रुईचे पुंजके अडकतात आणि अख्खी बाभूळ म्हातारी दिसायला लागते. सूनबाई दुपारी दार लावून घेते, तिला रुईनं शिंका येतात. मी खुर्ची ओढून दाराबाहेर बसतो आणि जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडं संशयानं बघतो.

संशयानं बघणं हे माझं कामच होतं. निजामाच्या राजवटीत मी इथल्या एका जिनिंगच्या कारखान्यात काटेवाला होतो, म्हणजे आलेला कापूस तोलून घेणारा. गाडी काट्यावर चढण्याआधी मी बाही वर सारून हात कोपरापर्यंत कापसात घालायचो. वरचा थर उन्हानं कोमट असायचा. खाली गेल्यावर एखाद्या जागी बोटांना गार लागायचं. गार लागलं म्हणजे पाणी मारलेलं. गाडीवाला आईची शपथ घ्यायचा, मी पुन्हा हात घालायचो. तोही माझ्या अंगठ्यावर नजर ठेवून असायचा, मी काट्याला कुठं दाब देतो का म्हणून. दिवसभर आम्ही एकमेकांवर संशय घ्यायचो आणि जाताना रामराम करायचो. त्यात वैर नव्हतं. कामाची रीतच तशी होती.

पण एक हंगाम असा आला की लोक काट्यापासून दूरही माझ्याकडं तसंच बघायला लागले. आणि थोड्या दिवसांनी मीसुद्धा.

त्या काळी परतुरात तीन जिनिंगा होत्या आणि तिन्हींचे फुटबॉलचे संघ होते. आजच्या पोरांना हे सांगितलं तर ती हसतात. फुटबॉल आणि परतुरात? पण तेव्हा हैदराबादेत फुटबॉलचं वेड होतं आणि रेल्वेच्या रुळावरून ते वेड आमच्यापर्यंत आलं होतं. स्टेशनामागच्या मैदानावर दोन टोकांना बांबू रोवलेले असायचे. चामड्याचा चेंडू, त्याला वरून वादी बांधलेली. डोक्यानं मारताना वादी कपाळाला लागली की दोन दिवस वळ राहायचा. बूट कुणाकडंच नसायचे. पायाला चिंधीची पट्टी बांधायची आणि उतरायचं. जो ज्या जिनिंगकडून खेळेल त्याला त्या जिनिंगमध्ये हंगामभर काम मिळायचं. काम नावाला, खेळ खरा. चार महिन्यांची भाकर पायावर होती, म्हणून पाय जपून वापरणारेही होते आणि जीव तोडून वापरणारेही.

खेळाडू निवडायची एक रीत होती. तेव्हा सुटी शुक्रवारची असे. दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी काम मागायला आलेले खेळाडू मैदानावर जमायचे. तासभर सगळ्यांना खेळवायचं आणि मग रांगेत उभं करायचं. आदल्या वर्षी जो संघ तळाला राहिला त्यानं पहिला माणूस उचलायचा, मग मधल्यानं, शेवटी जिंकलेल्यानं. असं आळीपाळीनं रांग संपेपर्यंत. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड होते, आम्ही त्यांना खाँसाहेब म्हणायचो. ते शिट्टी घेऊन मधे उभे राहायचे आणि सगळ्या गावाचा त्यांच्यावर भरवसा होता. तसा भरवसा असलेला तो एकच माणूस असावा.

त्या वर्षी पहिला माणूस आम्ही उचलायचा होता, कारण आदल्या हंगामात आम्ही तळाला होतो. आमचा गोलकीपर बॉयलरवर काम करणारा एक भला माणूस होता. चेंडू आला की तो आधी डोळे मिटायचा. तेव्हा आम्हाला काय हवंय हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

मी संघाचा कप्तान होतो. एकतीस वर्षांचा, सेंटर फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीत मधोमध खेळून गोल करणारा. सहा हंगाम ती जागा माझी होती. पायऱ्या उतरताना डावा गुडघा कुरकुरायला लागला होता, पण ते घरात बायकोला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

त्या शुक्रवारी रांगेत साधारण तीसेक माणसं होती. त्यातली दोन मला आजही दिसतात. एक मारुती, आष्टीकडचा. वीटभट्टीवर खालून फेकलेल्या विटा वर झेलायचं त्याचं काम. उंच, वाकलेला, बोलताना जमिनीकडं बघणारा. तासाभराच्या खेळात तो एका गोलात उभा होता, पण त्याच्याकडं चेंडू फार आलाच नाही. दोनदा आला तेव्हा त्यानं तो वीट झेलावी तसा झेलला, अंगाला लागू न देता, आणि लगेच बाजूला ठेवून दिला. कुणी बघितलंही नाही. मी बघितलं.

दुसरा लखू. बदनापूरचा, विशी-बाविशीतला, हडकुळा. त्याला बघायची गरज पडली नाही, सगळं मैदानच त्याच्याकडं बघत होतं. चेंडू त्याच्या पायाशी आला की थांबल्यासारखा वाटायचा आणि बाकीचे धावत राहायचे. मी त्याच्या विरुद्ध बाजूला होतो. दोनदा तो माझ्या शेजारून गेला. दुसऱ्यांदा माझा तोल गेला, मी हात टेकला. तेव्हा पुढं गेलेल्या लखूनं वळून बघितलं. चिडवायला नाही, मला लागलं तर नाही ना, हे बघायला. त्या वळून बघण्याचा मला जो राग आला, तसा राग चिडवण्याचाही आला नसता.

आमचे शेठजी मैदानाच्या कडेला छत्री उघडून खुर्चीवर बसले होते. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले, पण शेठजींचा जन्म परतूरचाच. बोलणं मराठी, मधूनच हिंदी. खाँसाहेबांनी शिट्टी वाजवली.

"पहला नाम बोलो मियाँ. जल्दी."

मी शेठजींच्या कानाशी वाकलो. "मारुती. तो उंच, आष्टीवाला."

शेठजींनी छत्री थोडी मागं केली. "आन् तो बदनापूरवाला?"

"पुढं माणूस हाये आपल्याकडं. गोलात कोणीच न्हाई. मागच्या साली कशानं हरलो, ते तुमीच बघितलं."

"रंगनाथराव, मी माल घेतो ना, तवा दुकानात काय कमी हाय ते बघत न्हाई. बाजारात सगळ्यात चांगलं काय हाय, ते बघतो. कमी काय, आज एक, उद्या दुसरं. चांगला माल पुन्हा येत न्हाई."

"चेंडू काही कापूस न्हाई शेठजी. अकरा जागा असतात. ज्या जागेला भोक हाये ती आधी बुजवावी लागंल."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कापसात हात घालताना गाडीवाल्याकडं बघायचो तसं. "पुढं माणूस हाय म्हणता, म्हणजे तुमीच ना?"

"हो. मीच."

"बराबर." त्यांनी छत्री पुन्हा पुढं ओढली. "कप्तान तुमी हायेत. बोला."

मी सरळ उभा राहिलो आणि मोठ्यानं नाव घेतलं, "मारुती." मारुतीनं मागं वळून बघितलं, दुसरा कुणी मारुती आहे का म्हणून. पुढचं नाव पुलापलीकडच्या जिनिंगनं घेतलं. ते लखूचं असणार हे पोरासोरांनाही कळलेलं होतं.

त्या हंगामातलं काय काय आठवावं? पहाटेच्या थंडीत रेचे सुरू व्हायचे. रेचा म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र. वीस-बावीस रेचे एकदम चालले की जमीन पायाखाली बारीक थरथरायची आणि ती थरथर मैदानावर आल्यावरही तळव्यांत राहायची. भुवयांवर रुई बसायची. संध्याकाळी सराव करताना घामावर ती चिकटली की आम्ही सगळे एका वयाचे दिसायचो. मी तेव्हा मारुतीला दहा पावलांवरून चेंडू मारायचो आणि तो झेलायचा. पंधरा दिवसांत त्याच्या ध्यानात आलं की हातात घेतलेला चेंडू विटेसारखा खाली ठेवायचा नसतो. मग त्याच्यातून काही जाईनासं झालं.

माझं म्हणणं खरं ठरत होतं. आम्ही हरत नव्हतो. पण गोलही होत नव्हते. शून्य-शून्य, एक-शून्य, पुन्हा शून्य-शून्य. आणि पुलापलीकडं लखू आमच्याशी सोडून प्रत्येक सामन्यात एक-दोन मारत होता. लोक पुलावर चालत जाऊन तिकडचा सराव बघायचे. आमच्या संघातली पोरं चहा पिताना बोलत असायची, मी आलो की कपाकडं बघायची. त्यांनी काही म्हटलं नाही. म्हणूनच मला खात्री होती की ती म्हणत आहेत.

संशयाचं एक आहे. तो बाहेरून येतो तेव्हा माणूस चिडतो, पण आत शिरला की माणूस त्याला जागा करून देतो. कुणी म्हणालं, "कप्तान, मारुती चांगला शोधला," तर मला त्यात टोमणा ऐकू यायचा. कुणी काहीच म्हणालं नाही तर त्याहून मोठा. शेठजी रोज काट्यापाशी येऊन दोन मिनिटं उभे राहायला लागले. आधी ते कधी येत नसत. मी वजन सांगायचो, ते मान हलवायचे आणि जायचे.

एकदा सराव संपल्यावर मारुती माझ्यामागून चालत आला. स्टेशनाच्या कडेच्या कडुलिंबाखाली तो थांबला.

"कप्तान, एक इचारू?"

"विचार की."

"मला पयल्या नंबरला कामून घेतलं? गावात सांगितलं तर कोणाला खरं वाटंना. माझी मायबी म्हनली, तुज्यात काय पाह्यलं त्यायनं?"

"तू चांगला झेलतोस. आपल्याला गोलकीपर पाहिजे होता."

तो जमिनीकडं बघत राहिला. "ते हाये. पर लोकं म्हनतेत, तुमाला लखू नको होता, म्हनून मी."

"कोण म्हणतं?"

"तसं कोनी न्हाई." मग एकदम मान वर करून म्हणाला, "काही का असंना. म्या झेलतो बराबर. तुमी बघा." आणि गेला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मला रागाची तयारी होती, या समजूतदारपणाची नव्हती.

घरी आलो तर माझी बायको सोजर ज्वारी पाखडत बसली होती. सोजर कमी बोलायची. सुपाचा आवाज चालू ठेवूनच तिनं विचारलं, "काय झालं? गुडघा दुखून राह्यला का?"

मी गुडघ्याचं सोडून सगळं सांगितलं. लोक काय म्हणतात, मारुती काय म्हणाला. आणि मग माझं ठरलेलं उत्तर तिलाही ऐकवलं, की संघाला गोलकीपरची गरज होती, पुढं माणूस होता.

तिनं सूप थांबवलं. "मंग तुमीच कामून न्हाई उभं ऱ्हायले त्या बांबूत?"

"मी?"

"तुमचे हात केवढाले हायेत. लग्नाच्या आधी तुमी आष्टीच्या पोरायचा चेंडू झेलायचे, हे आत्याबाईच सांगायच्या. तुमी गोलात, तो बदनापूरचा पुढं. दोन्ही भागलं असतं."

मी म्हणालो, "तुला खेळातलं काय कळतं?"

"न्हाई कळत," ती म्हणाली, आणि पुन्हा पाखडायला लागली.

मी ओसरीवर येऊन बसलो. मला इतका साधा विचार सुचला नव्हता. सुचला नव्हता की सुचू दिला नव्हता, हे मी त्या दिवसापासून स्वतःला विचारतो आहे. शेठजींशी मी गरज मोठी की गुण मोठा, असा वाद घातला होता. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं खूप होतं आणि मी चांगलं बोललो होतो. पण त्या वादात माझी जागा मी आधीच बाजूला काढून ठेवली होती. मारुतीला मी पारखलं, लखूला पारखलं, तीसच्या तीस माणसं पारखली. एकतिसावा, म्हणजे मी, रांगेत नव्हतोच.

पुढं कितीतरी वर्षांनी, निजाम गेला, जिनिंगा या हातातून त्या हातात गेल्या, तेव्हा मला गावातल्या शाळेच्या कमिटीवर घेतलं होतं. मास्तर निवडायचे होते. शाळेला गणिताचा हवा होता. आलेल्यांत सगळ्यात हुशार होता तो इतिहासाचा, बोलायला लागला की शिपाईसुद्धा दारात थांबावा असा. कमिटीत दोन तट पडले. एक म्हणे गणित पाहिजे, दुसरे म्हणे असा माणूस पुन्हा मिळायचा नाही. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "आधी एवढं सांगा, आपल्यापैकी कुणाचा भाऊ-भाचा इथं इतिहास शिकवतो का?" सगळे माझ्याकडं वाईट नजरेनं बघायला लागले. दोघांनी मात्र माझ्याकडं बघितलं नाही. गणिताचा मास्तरच घेतला गेला आणि तो चांगलाही निघाला. माझा आक्षेप त्याच्यावर नव्हताच. पण तेव्हापासून कुणी "गरज" हा शब्द उच्चारला की मी आधी बोलणाऱ्याकडं बघतो, आणि मी स्वतः उच्चारला तर जास्तच.

त्या हंगामाचा शेवटचा सामना माघात झाला. आम्ही आणि पुलापलीकडचे. ज्याचा विजय त्याचा हंगाम. हवेत गारवा होता, पण ऊन डोळ्यांवर येत होतं. मालगाडी थांबलेली, तिच्या डब्यांवर माणसं चढून बसलेली. शेठजींची छत्री नेहमीच्या जागी.

अर्ध्या वेळेपर्यंत लखूनं चार वेळा गोलावर मारलं. चारही वेळा मारुतीनं झेललं. एकदा तर तो आडवा झाला आणि चेंडू छातीशी धरून तसाच पडून राहिला, आम्हाला वाटलं गेला. उठला तेव्हा त्याच्या ओठातून रक्त येत होतं आणि तो हसत होता. डब्यांवरचे लोक "मारुती, मारुती" ओरडायला लागले. मी त्याच्याकडं बघून हात वर केला. तेवढ्या क्षणापुरतं मला वाटलं की मी बरोबर होतो आणि बाकी सगळं लोकांच्या डोक्यातलं आहे.

शून्य-शून्यच होतं आणि खेळ संपायला थोडा वेळ राहिला असताना चेंडू माझ्याकडं आला. पुढं त्यांचा एकच माणूस, गोलकीपर. माझ्या डावीकडं आमचा एक पोरगा एकटा धावत होता, त्याच्याभोवती कुणीच नव्हतं. तो ओरडलाही, "भाऊ, इकडं!" मी ऐकलं. मी आजही ते ऐकतो. मला वाटलं, हा गोल मी मारला तर सगळ्यांची तोंडं बंद होतील, आणि मी मारला. गुडघा ऐन वेळी वळला की नाही, मला सांगता येत नाही. तसं सांगणं सोयीचं आहे म्हणून मी ते मानत नाही. चेंडू बांबूच्या वरून, कडुलिंबांच्या पलीकडं गेला.

मग त्यांच्या गोलकीपरनं तो परत खेळात मारला तो लखूकडंच. आमचे दोघे त्याच्या अंगावर गेले, तो त्यांच्यामधून निघाला. मारुती पुढं आला, हात पसरून. दोघांत चार पावलं अंतर. सगळ्या मैदानाला ठाऊक होतं की लखू आता मारणार. आणि लखूनं चेंडू हळूच उजवीकडं सरकवला, त्याच्या संघातल्या एका जाड्या माणसाकडं, ज्याचं नावही कुणाला आठवत नसेल. त्या जाड्यानं रिकाम्या गोलात चेंडू नुसता ढकलला.

खाँसाहेबांनी लांब शिट्टी दिली. डब्यांवरची माणसं खाली उड्या मारत होती. मी जिथं होतो तिथंच उभा राहिलो. लखूला मी इतके दिवस चपळ म्हणून भ्यालो होतो. तो माझ्याहून किती वेगळा खेळाडू होता, हे मला त्या जाड्याच्या पायाशी चेंडू गेला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी शेठजी काट्यापाशी आले. गाड्या अजून लागायच्या होत्या. मी म्हणालो, "शेठजी, एक सांगायचं राह्यलंय."

"बोला."

"लखूला मी गरज न्हाई म्हणून सोडलं नव्हतं. मला त्याची भीती वाटली."

"मालूम हाय," ते म्हणाले. "त्याच दिवशी मालूम होतं."

"मंग तुमी हो कामून म्हणले?"

"गोलकीपर तर पाहिजेच होता ना? वजन बराबर भरलं की काटेवाल्याच्या मनात काय होतं, ते मी विचारत न्हाई." त्यांनी काट्याच्या साखळीला हात लावला, ती हलली, त्यांनी ती थांबवली. "पण एकदा शक आला की रोज येऊन उभं राहावं लागतं. मला तेवढा टाइम न्हाई. काटा तुमच्याकडंच राहील. माणसं निवडायला पुढच्या साली दुसरा कप्तान बघतो."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी मान हलवली. पहिली गाडी आत आली आणि मी बाही वर सारली.

पुढच्या दिवाळीनंतर आमच्या जिनिंगचा नवा कप्तान मला म्हणाला, "रंगनाथभाऊ, तुमी आता आराम करा." म्हणजे मला संघात जागा नव्हती. खेळायचं असेल तर काटा सोडायचा आणि इतरांसारखं रांगेत उभं राहायचं. दोन दिवस मी मैदानाचा रस्ता टाळून काट्यावरून थेट घरी आलो. तिसऱ्या दिवशी सोजरनं माझी पायाला बांधायची पट्टी धुऊन दांडीवर वाळत घातलेली दिसली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"उद्या शुक्रवार हाये. जावा, उभं ऱ्हावा रांगेत. तिथं उभं ऱ्हायल्यावर माणसाला कसं वाटतं, ते तरी कळंल."

मी उभा राहिलो. बत्तिसाव्या वर्षी, गुडघ्यापर्यंतची चड्डी घालून, ज्यांना मी पाच-सहा वर्षं निवडलं होतं किंवा टाळलं होतं अशा लोकांच्या शेजारी. मला वाटायचं की रांगेतली माणसं समोर बघतात. तसं नसतं. ती निवडणाऱ्याचे डोळे बघतात. डोळे येतात, आपल्यावर थांबल्यासारखे होतात आणि पुढं सरकतात. आमच्या नव्या कप्तानानं माझ्याकडं बघायचं टाळलं. तिसऱ्या, स्टेशनच्या जिनिंगवाल्यानं माझ्या गुडघ्याकडं बघितलं. त्याला कुणी सांगितलं असेल? मला सगळ्यांचाच संशय यायला लागला, माझ्या घरातल्या माणसाचासुद्धा. पहिली फेरी गेली. दुसरी गेली. चौथ्या फेरीत मी बोटं मोजायचं सोडून दिलं. ऊन मानेवर आलं. रांगेत सातजण उरलो होतो, त्यातला एक लंगडत होता.

पुलापलीकडच्या जिनिंगसाठी आता लखू निवडत होता. एका वर्षात त्याच्या खांद्यांना रुंदी आली होती. त्याची पाळी आली तसा तो रांगेवरून एकदा डोळे फिरवून म्हणाला, "रंगनाथभाऊ."

खाँसाहेबांनी शिट्टी तोंडातून काढली. "कौन? काटेवाले?"

"जी. तेच."

मी त्याच्याकडं चालत गेलो. ती पंधरा-वीस पावलं फार लांब होती. मला वाटत होतं, याला दया आली. किंवा मागच्या वर्षीचं उट्टं काढायचंय, आता मला राखीव म्हणून बसवून ठेवील आणि गावाला दाखवील. त्याच्यापाशी पोचल्यावर मी हळूच विचारलं, "मला का घेतलंस? गरज म्हणून, का चांगला म्हणून?"

लखूनं डोकं खाजवलं. "खरं सांगू का भाऊ?"

"खरंच सांग."

"गरज न्हाई तुमची. आन् चांगला म्हणावं, तर तुमचा डावा पाय गेलाय. मला पयल्याच दिवशी दिसल्तं, तुमी पडले तवा."

"मंग?"

"मागच्या साली हितं तीस जण होते. मारुतीकडं कोणाचं ध्यान न्हौतं. तुमी एकट्यानं पाह्यलं त्याला, आन् त्यानं अख्खा हंगाम माझं मारणं बंद केलं. तुमी दुसऱ्याकडं गेले असते, तर आमचा कोण कुठं कच्चा हाये ते त्यायला बिलकुल सांगितलं असतं. तुमची नजर लई वाईट हाये." तो जरा लाजून हसला. "म्हणून घेतलं. आपल्याकडं असलेली बरी."

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. सवयीनं कुठं गार लागतं का ते शोधलं. लागलं नाही. वर्षभर मी स्वतःला आणि लोकांना जी कारणं सांगितली होती, लोकांनी मला जी सांगितली होती, त्या सगळ्यांत हे एकच कारण असं होतं की ते ऐकून मला पुढं काही विचारावंसं वाटलं नाही.

"बसा की," लखू म्हणाला. "अजून दोन माणसं घ्यायची हायेत. कोण घेऊ, सांगा."

मी त्याच्याजवळ मातीत बसलो आणि रांगेत उरलेल्या सहाजणांकडं एकेक करून बघायला लागलो.